बाईंच्या फोनातली मंगला

फोनमधली ॲपं म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंच्या लेखी सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात ठेवलेला गडी. काम केलं तर ठेवायचा, नाही केलं तर घरचा रस्ता दाखवायचा. फोनवर नवं काही आलं की बाई आधी विचारायच्या, "याले ठेवून मले का फायदा?" उत्तर पटलं नाही की त्या त्याच्या चित्रावर अंगठा दाबून धरायच्या. चित्र थरथरायला लागलं की मला म्हणायच्या, "पाह्य मॅडम, भेलं." आणि उडवून टाकायच्या.

मी तेव्हा ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. घर चंद्रपूरला. रोजची बस झेपेना, म्हणून गावाच्या कडेला, जिथून धानाच्या शेतांच्या बांध्या सुरू होतात, तिथं बाईंकडे एक खोली घेतली. बाई एकट्याच राहायच्या. मालक वारलेले, पोरगा आणि सून नागपूरला. सोबतीला एक गाय आणि पोरानं घेऊन दिलेला फोन. मी खोली पाहायला गेले तर पाणी किती वाजता येतं, पाहुणे आणायचे की नाही, असलं काही त्यांनी सांगितलंच नाही. पहिला प्रश्न हा:

"मॅडम, तुया फोनमंधी जागा किती हाय?"

मी म्हटलं, कशाला?

"माहा फोन भरला. एकदोन गडी तुयाकडे ठेवाचे हायेत."

मी हसले आणि हो म्हणून बसले. तिथंच फसले. भिंत सरळ आहे की तिरपी हे दाखवणारं एक ॲप असतं, त्यात हिरवा बुडबुडा हलतो, ते बाईंनी माझ्या फोनात ठेवलं. बाईंना दर पावसाळ्याआधी मातीची नवी चूल घालायची हौस होती. गॅस घरात होता, पण डाळ चुलीवरचीच. चूल घातली की हाक यायची, "मॅडम, बुडबुडा आण व." मी परीक्षेचे पेपर तपासत असो की डोकं धूत असो, फोन घेऊन जायचं. ओल्या चुलीवर एक फळी, फळीवर माझा फोन, आणि बाई डोळे बारीक करून बुडबुड्याकडे बघताहेत. "आमची सासू पाणी सांडून पाहे," त्या सांगायच्या, "पाण्यानं चूल खचे. हा गडी कोरडा हाय." मग माझा फोन पदरानं पुसून परत. त्याच्या कडेला मातीची एक रेघ कायमची राहिली होती आणि कॉलेजातल्या बाकीच्या मॅडम मला विचारायच्या, तू फोन शेतात चालवतेस का?

पावलं मोजणाऱ्या ॲपशी त्यांचं भांडण झालं ते रोवणीच्या दिवसांत. रोवणी म्हणजे धानाचे परे, म्हणजे रोपं, लावणं. ते लावताना बायका वाकून मागं मागं सरकतात. बाईंनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधला आणि दिवसभर चिखलात राबल्या. संध्याकाळी सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून फोन उघडला तर ॲपनं शाबासकी दिलेली, आज तुम्ही खूप पुढे गेलात वगैरे.

"कुठी पुढं गेली मी?" बाई भडकल्या. "सारा दिस मागं मागं चालून राह्यली, अन् हे मनते पुढं. ज्याले पुढं-मागं समजत नाई त्याले मी हिशोबाले ठेवू?"

मी समजवायला गेले की पाऊल ते पाऊल, दिशा कोण बघतं. त्या म्हणाल्या, "तू बी त्याच्याच शाळेत शिकली का व?" त्या रात्रीच तो गडी कामावरून कमी झाला.

उलट हवामान सांगणारं ॲप रोज खोटं बोलायचं, आणि बाईंनी त्याला वर्षानुवर्षं ठेवलं. मी कारण विचारलं. "गावात एक खोटा माणूस लागतेच," त्या म्हणाल्या. "तो मनते पाणी नाई येत. मंग मी सरपन झाकून ठेवते. कधी फसवलं नाई त्यानं." आणि सांगते, त्यांचं सरपण कधी भिजलं नाही.

भाषांतराचं ॲप त्यांनी एकदाच वापरलं. बाई ज्याला सिरोंच्याकडचा तेलुगू समजायच्या असा एक माणूस सायकलवर मिरच्या विकायला यायचा. बाईंनी त्याला अंगणात उभं केलं आणि फोन तोंडाशी धरून सांगितलं की मागच्या वेळच्या मिरच्या बुळबुळीत निघाल्या, यावेळी तसल्या देशीन तर याद राख. फोनमधून एक गोड आवाज तेलुगूत बोलला. तो माणूस मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, ते फोनमंधली पोरगी का मनून राह्यली मले समजलं नाई. पण तुमी मनल्या ते समजलं. माहा जलम इथलाच हाय, इथी बाजूच्या गावात सासरवाडी हाय माही." बाई वरमल्या नाहीत. "मंग आधी काऊन नाई सांगतलं? माही बॅटरी गेली ना," म्हणाल्या, आणि त्याबद्दल मूठभर मिरच्या जास्तीच्या घेतल्या.

आता गाईचं सांगते, कारण खरी कथा तिचीच.

गाय करड्या रंगाची, म्हणून भुरी. भुरी दोन वर्षं गाभण राहत नव्हती. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन देऊन जायचे, बाई आशेनं वाट बघायच्या, आणि मग पुन्हा काही नाही. उठता-बसता बाईंचं एकच चालायचं, "भाकड जनावर किती दिस पोसावं? आवंदा पाह्यते, नाई तं बदलून टाकते." पण बाजाराच्या दिवशी गाईला कुठं न्यायच्या नाहीत. उलट सरकीची ढेप भिजवून चारायच्या आणि कानामागं खाजवत बसायच्या. तोंडानं विकायच्या आणि हातानं चारायच्या, असं त्यांचं होतं.

शेवटी एका मंगळवारी दिलेलं इंजेक्शन लागू पडलं. डॉक्टरांनी तपासून गाभण आहे म्हणून सांगितलं, त्या दिवशी बाईंनी गल्लीत गूळ वाटला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना एक सालदार हवा झाला जो भुरीचे दिवस मोजेल. गाईम्हशींचं एक ॲप सापडलं, पण ते इंग्रजीत. मराठीत जे सापडलं ते बायकांचं होतं. गरोदर बाईनं कोणत्या आठवड्यात काय खावं, कसं झोपावं, तपासणीला कधी जावं, बाळ आता केवढं झालं.

मी म्हटलं, बाई, हे माणसांचं आहे.

"माय ते माय," बाई म्हणाल्या. "तिलेबी नऊ महिने नऊ दिवस, हिलेबी नऊ महिने नऊ दिवस. मंग फरक का राह्यला?"

हिशोब खरा होता, त्यामुळे मी माहिती भरायला मदत केली. आईचं नाव काय, असं ॲपनं विचारलं. बाईंना भुरी हे नाव तिथं टाकणं बरं वाटेना. "दवाखान्यात घालासारखं नाव पाह्यजे," त्या म्हणाल्या आणि मंगळवारची म्हणून मंगला लिहिलं. वय चार वर्षं टाकलं तर घेईना. "मंग सुनेचं टाक," त्या म्हणाल्या. टाकलं. वजन बाईंनी अंदाजानं खरंखुरं सांगितलं, तर ॲपनं ताबडतोब आहारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं. त्यावर बाई एवढ्या हसल्या की भिंतीला टेकल्या.

पुढचे महिने आमच्या घरात मंगलाचेच. डाव्या कुशीवर झोपावं असं ॲपनं म्हटलं की बाई गोठ्यात जाऊन बघायच्या, कोणत्या कुशीवर आहे. मन प्रसन्न राहील असं संगीत ऐकवा म्हटलं की भजन लावून फोन गव्हाणीच्या वर ठेवायच्या. 'जोडीदाराशी मनमोकळं बोला' असं एकदा आलं. बाईंनी ते मला वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "हिचा जोडीदार सरकारी हाय व. दवाखान्यात नळीमंधी राह्यते. का बोलते त्याच्याशी?" शिवाय आठवण करून देणारं एक ॲप होतं. त्यात बाई बोलून ठेवायच्या. मंगलाची तपासणी. मंगलाचं कॅल्शियम. मंगलाजवळ थांबाचं. वेळ झाली की फोन वाजायचा आणि बाई हातातलं टाकून गोठ्याकडे. आम्ही सगळेच तिला मंगला म्हणायला लागलो होतो.

एक गोष्ट मात्र आमच्या दोघींपैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. पोरानं फोन सुरू करून दिला होता तो स्वतःच्या खात्यावर. आईला कुठं ईमेल आणि पासवर्डची भानगड, म्हणून आपलंच टाकून दिलं होतं. म्हणजे बाई इथं ब्रह्मपुरीत फोनला जे सांगायच्या, ते नागपुरात पोराच्या फोनवरही वाजायचं.

थंडी सरत आली होती. दुपारी मी कॉलेजातून आले तर सून पायरीवर बसलेली. जवळ बॅग. बाई बांधीकडे गेलेल्या, दाराला कुलूप. तिला मी दिवाळीत पाहिलं होतं. मोहर्लीची पोरगी, मोकळं बोलणारी, खळखळून हसणारी. आज तिचा चेहरा ओढलेला होता. मी तिला माझ्या खोलीत नेलं, चहा ठेवला. चहा उकळायच्या आत ती बोलली.

"ताई, आमच्या यायच्या फोनमंधी एक बाई हाय."

मी गॅस बंद केला.

"दिवस हायेत तिले. नऊ महिने भरत आले. तिची तपासणी, तिच्या गोळ्या, सारं यायच्या फोनमंधी वाजते. हे आंघोळीले गेले का मी पाह्यते. फोन उघडला का लेकरायच्या लंगोटाच्या जाहिराती येतात. माह्याच वयाची हाय ती. तेबी लिहून हाय."

माझ्या डोक्यात त्या पोराबद्दल काय काय आलं ते इथं लिहीत नाही. गरीब गाय वाटायचा मला. म्हटलं, त्याला विचारलं का नाहीस?

"विचारलं अन् हो मनले तं?"

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. ती म्हणाली, "मी माहेरी, मोहर्लीले नाई गेली. आईकडे आली. आई आपल्या पोराले बोलल्याबिगर सोडाच्या नाईत."

नाव काय तिचं, मी विचारलं.

"मंगला."

मला काय झालं सांगू? मी हसायला लागले. तोंडावर ओढणी दाबली तरी थांबेना. ती पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला वेड लागलं. मी कसंबसं म्हटलं, "चल, तुला मंगला दाखवते."

ती पांढरी पडली. "इथी हाय? आईनं इथी आणून ठेवली तिले?"

आता समजावत बसण्यात अर्थ नव्हता. तिचा हात धरून मी तिला घराला वळसा घालून गोठ्यात नेलं. मंगला पोट सांभाळत उभी होती आणि कडबा चावत होती. गळ्यात बाईंनी दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधलेला. सुनेनं गाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ही तं भुरी हाय."

"हो. फोनमध्ये मंगला."

मग मी सगळं सांगितलं. ॲप, नाव, वय, वजन. वजनाशी आल्यावर ती फसकन हसली आणि हसता हसता खाली कडब्यावरच बसली. मला वाटलं, संपलं. पण तिचं हसणं मधेच फिरलं आणि ती रडायला लागली. गाय चावायची थांबून तिच्याकडे बघत होती.

तेवढ्यात बाई आल्या. डोक्यावर गवताचा भारा, पदर खोचलेला. सुनेला कडब्यात रडताना पाहून भारा तिथंच टाकला. "का झालं व? पोरगा बरा हाय ना?" मी थोडक्यात सांगितलं. बाई आधी समजल्याच नाहीत, आणि समजल्यावर कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "अव माय. तुया नवऱ्याच्या अंगात एवढी हिम्मत कुठी हाय?"

सून हसली नाही. डोळे पुसून म्हणाली, "आई, मले काऊन खरं वाटलं मायती हाय? मागल्या होळीले तुमी मनल्या होत्या. भाकड जनावर किती दिस पोसावं. बदलून टाकते."

"अव, मी तं भुरीले मनली."

"भुरीलेच मनल्या. मले मायती हाय. पण तवा गोठ्यात ऐकाले दोघीच होतो, ती अन् मी. अन् तिले का समजते?"

बाईंचं हसू गेलं.

"तिच्यासाठी तुमी एवढं केलं," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कोणत्या कुशीवर झोपते ते पाह्यलं. मी किती दवाखाने फिरली आई, किती सुया घेतल्या. तुमी कधी फोन करून विचारलं नाई मले, दुखते का मनून."

मी तिथून निघून जायला हवं होतं. पण दार बाईंच्या पाठीमागं होतं आणि बाई हलत नव्हत्या.

"मले भेव वाटे," बाई शेवटी म्हणाल्या. "मी विचारलं असतं तं तू मनली असती, सासू टोचून राह्यली. म्हून मी कधी तो विषय काढला नाई. जनावराशी बोलत राह्यली, माणसाशी बोलाची हिम्मत नाई झाली माही." मग त्या सुनेजवळ कडब्यावर बसल्या. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नसे, तरी बसल्या. "चुकलं माहं. दुखलं का व लय?"

"लय दुखलं," सून म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडली.

थोड्या वेळानं पोराला फोन लागला. बाईंनी आवाज मोठा करून ठेवला. बायको घरात नाही हे त्याला अजून कळलंच नव्हतं. तो ऑफिसात होता. "मंगला कोण?" बाईंनी विचारलं. "कोण मंगला?" तो म्हणाला. "तुया फोनमंधी रोज वाजते ते." मग त्याला आठवलं. "ते होय. मले वाटलं कंपनीच्या जाहिराती हायेत. मी नाई पाह्यत, सरकवून देतो."

"इतके महिने सरकवत राह्यला?" बाई म्हणाल्या. "बायकोचं तोंड पाह्यलं का कधी, का तेबी सरकवून देतं?" आणि फोन ठेवून दिला. शनिवारी तो घ्यायला आला तेव्हा बाईंनी त्याला आधी गोठ्यात पाठवून मंगलाच्या पाया पडायला लावलं. बिचारा पडला.

पण ते नंतर. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघी सपरीत बसलो होतो. सुनेनं बाईंचा फोन हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुमचं सोतंचं खातं काढून देते. मंग तुमचं तुमच्याच फोनमंधी वाजन." बाई जवळ सरकल्या. नाव टाकलं. जन्मतारीख विचारली, तर बाई म्हणाल्या, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मारबतीची मिरवणूक निंगाली होती, अन् मी झाली." कोणत्या वर्षी ते सुनेनं अंदाजानं टाकलं. पासवर्ड बाईंनी एवढ्या मोठ्यानं सांगितला की शेजारच्या अंगणातून कोणीतरी हसलं, म्हणून तो बदलावा लागला.

मग फोननं विचारलं की पासवर्ड विसरलात, फोन हरवला, तर कोणाच्या नंबरवर कळवायचं.

"यायचा टाकते," सून म्हणाली.

"त्याचा काऊन?"

"पोरगा हाय ना तुमचा."

"पोरगा हाय," बाई म्हणाल्या. "पण तो सरकवून देईन. तुहा टाक. मी कुठी हरवली तं न्यायले तूच येशीन."

सुनेनं मान खाली घातली आणि आपला नंबर टाकला. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. जरा वेळानं तिच्या फोनवर आकडे आले. ते बाईंच्या फोनात भरायचे होते. ती एकेक आकडा वाचायला लागली, बाई एका बोटानं तो शोधून दाबायला लागल्या. मधेच तिनं फोन मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले. बाई बोट तसंच वर धरून थांबल्या.

"सांग सावकाश," त्या म्हणाल्या. "मले घाई नाई."